पासवर्ड न विचारता

हे मी आजवर एकाही माणसापाशी बोललेलो नाही. बैठकीत नाही, घरी मैंदर्गीला नाही, जिवाभावाच्या मित्राजवळही नाही. आणि मी काही मुखदुर्बळ माणूस नव्हे. सोलापुरात विडी कामगार बायकांची संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहितो. 'जवाब द्या!' हे दोन शब्द मी किती जणांच्या तोंडावर फेकलेत, मलाच ठाऊक नाही. स्वतःच्या तोंडावर — एकदाही नाही.

सरळ सांगून टाकता येईल असं वाटलं होतं. येत नाहीये. थोडं आधीपासून घ्यावं लागेल.

आमच्या ऑफिसात एक संगणक आहे. त्यावर लिनक्स — फुकट मिळतं म्हणून. त्याची ॲडमिन होती यास्मिनताई. विड्या वळणाऱ्या आईची मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली. ऑफिस तीच सांभाळायची. बाकी आम्ही सगळे साधे युजर. सहा वर्षांपूर्वी तिनं बायकांचे जबाब टाइप करायला घेतले. विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये विड्या जमा करताना कंपनीचा चेकर चांगल्या विड्याही 'छाट', म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढायचा आणि परतही द्यायचा नाही — त्याबद्दलचे जबाब. सगळे एकदम कामगार खात्यात द्यायचे होते. तोवर कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द यास्मिनताईनं एकेकीला दिला होता. फाइल ॲडमिनच्या खात्यात होती. पासवर्ड फक्त तिच्याकडे.

मला ते झोंबलं. पत्रक मी लिहायचं आणि जबाब मी वाचायचे नाहीत? संघटनेत कसला आलाय साधा आणि खास? मी भांडलो. ती म्हणाली, "ओ क्रांतिवीर, बायांनी मेरेकू सांगितलंय, तुला न्हाई. तू तुझी उद्गारचिन्हं सांभाळ."

सगळे हसले. मीही हसलो. हसलो कसला — दात दाखवले.

त्याच सुमारास लिनक्समधल्या एका छोट्या टूलमध्ये चूक सापडल्याची बातमी आली. त्या टूलचं काम एवढंच, की साध्या युजरला एखाद्या कामापुरता ॲडमिनचा अधिकार उसना द्यायचा. आधी पासवर्ड विचारायचा, मग दार उघडायचं. पण एका वाकड्या तऱ्हेनं चालवलं, की ते पासवर्ड न विचारताच उघडत होतं. दुरुस्ती आलेली होती. अपडेट टाकलं की विषय संपला. यास्मिनताईनंही ते वाचलं होतं. मला म्हणाली, "मी पासवर्ड टाकते, तू बसून अपडेट करून घे रे. तुला जमतंय की हे."

मी म्हणालो, नेट स्लो आहे, उद्या करू.

नेट स्लो नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मावसबहिणीच्या लग्नाला गेली. भर दुपारी, पंखा गरम हवा फेकत असताना, मी नेटवरून उतरवलेल्या चार ओळी चालवल्या. पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला असलेलं डॉलरचं चिन्ह गेलं आणि तिथे हॅश आला — ॲडमिनची खूण. बस, एवढंच. मी त्या यंत्राचा मालक झालो होतो. सत्तेवर मी एवढी पत्रकं लिहिली — ती हातात आल्यावर पहिल्यांदा काय वाटतं, ते एकाही पत्रकात नव्हतं. गोड वाटतं.

मी जबाब वाचले. त्यातला एक नरसम्माचा. शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी बाई. नापास विड्यांना ती 'कुंट्या पोरी' म्हणायची. तेलुगूत कुंटी म्हणजे लंगडी. यास्मिनताईनं तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं: "माज्या कुंट्या पोरी हाय म्हनून काडून घेतो, आन् त्याच पोरी बंडलात घालून विकतो की."

वाचून मला तिचं वाईट वाटलं का? नाही. मला मथळा सापडला.

'आमच्या कुंट्या पोरी कुणी विकल्या?' — मोठ्या टायपात छापलं. आणि वर स्वतःला हुशार समजलो; नाव कुठं छापलंय? नाव नव्हतंच. पण नापास विडीला पोरगी म्हणणारी बाई त्या ब्रँचमध्ये एकच होती. रोज टोपली पुढं करून ती त्याच शब्दात चेकरशी भांडायची. पत्रक भिंतीला लागलं, चेकरनं वाचलं. दुसऱ्या दिवसापासून नरसम्माला पान-तंबाखू बंद. म्हणजे काम बंद.

बैठक बसली. आमचे सचिव अण्णा यांनी विचारलं, "हे वाक्य तुला कुठनं मिळालं?"

मी म्हणालो, "यास्मिनताई बोलता बोलता बोलली."

घाबरून तोंडातून निघून गेलं असं नाही. जिना चढताना ठरवलं होतं.

"मैं? कवा रे?" तिनं मलाच विचारलं. माझ्यावर ओरडली नाही. विचारात पडली. आपण चहाच्या वेळी बोलून गेलो असू का — हे ती आठवत होती, मला समोर दिसत होतं. एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. मी तिला आठवू दिलं. वरून भाषणही केलं — विश्वासघात चुकून झाला तरी विश्वासघातच, वगैरे. माझी वाक्यं चांगलीच असतात.

तेवढ्यात नरसम्मा दारात आली. "तू बोल्लीस काय गं, यास्मिन?" यास्मिनताईला 'नाही' म्हणता आलं नाही. तिची स्वतःचीच खात्री उरली नव्हती. ती मी घालवली होती.

ती पुन्हा ऑफिसात आली नाही. बाकीच्या बायकांनी जबाब मागे घेतले. तक्रार गेलीच नाही. चेकर आजही तिथंच आहे. नरसम्मा आता जावेच्या कार्डावर विड्या वळते. हात तिचे, नाव जावेचं. रस्त्यात भेटली की मला 'बरं हाय का बाबा' म्हणते. यास्मिनताईचं नाव निघालं की थुंकते. आणि मी — मी तिथं उभा असतो.

यास्मिनताईनं मला ते वाक्य कधीच सांगितलं नव्हतं. मी चोरून वाचलं, मी छापलं, मी खोटं बोललो.

त्या बैठकीत शेवटी अण्णा म्हणाले, आता संगणक भरवशाच्या माणसाकडे पाहिजे. सगळ्यांसमोर त्यांनी यास्मिनताईकडून पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.