कुंडाच्या अर्ध्या पायऱ्या

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, बोटं एकेक करून वाकवली आणि म्हणाले, "हा रूमॅटिझम आहे." मला काही कळलं नाही हे पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं, "म्हणजे संधिवात. सांध्यांना आतून सूज येते. पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण जमलं तर गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन राहा. त्या पाण्यात पाय हलवत राहिलात तर ते आखडणार नाहीत."

मी मुंबईच्या गोदीत उमर घालवलेला हमाल. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. म्हातारपणी गावी परतलो आणि पुढच्याच हिवाळ्यात उकिडवं बसणं बंद झालं. मग उठणंही. मूलबाळ नव्हतं. बायको, सखू, तीच काखेत हात घालून मला उभं करायची.

कुंड महाडजवळ, नदीकाठी. तिथल्या गावात सखूची बहीण दिलेली होती. सखूनं बैलगाडीत पेंढा पसरला आणि मला तिच्याकडे नेलं.

पहिल्या दिवशी मला कुंडात उतरता आलं नाही. पायऱ्या गुडघाभर उंच, वर शेवाळ. पाण्यात तरणे गडी काठावरून उड्या घेत होते. म्हातारी माणसं वरच बसून तांब्यानं पायांवर पाणी ओतून घेत आणि उठून जात. मीही तसंच केलं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

सखू गेली ती कुंडाची राखण करणाऱ्या गुरवाकडे. "बाबा, दोन पायऱ्यांच्या मधी एकेक चपटा दगड बसवला तर चालंल?"

"देवाला चालंल गो. पन बसवनार कोन?"

"मी हाय ना."

नदीतले दगड तिनं डोक्यावरून वाहिले. माझ्या साडूनं ते चुन्यात बसवले, धरायला बांबूचा कठडा बांधला. राहिले ते पोहणारे. त्यांना ती म्हणाली, "सकालचं पानी म्हाताऱ्यांना सोडा रे."

"मग आमी कवा पवायचं?"

"ऊन वर आलं का पवा. आनि उद्या येताना आपापल्या आजीला घेऊन या."

ते हसले. पण त्यांतला एकजण खरंच आजीला पाठुंगळी घेऊन आला. ती म्हातारी कितीतरी दिवसांत घराबाहेर पडली नव्हती. तिला पाहून बाकीच्या आल्या. त्यांच्यासाठी सखूनं एका कडेला घोंगड्यांचा आडोसा केला. पाण्यात बसून त्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. हसू पलीकडे ऐकू यायचं.

मला पाण्यात उतरवून सखू समोर उलटी चालायची. छातीभर पाण्यात अंगाचं ओझं उरत नाही. एक दिवस मी तिचा हात सोडून चाललो. ती पदरानं तोंड पुसत राहिली. पुढे जमिनीवरही काठीनं चालू लागलो.

थंडीचे दिवस होते. नदीवरून वारा यायचा. सगळ्या म्हाताऱ्यांना हात देऊन वर काढून झालं की मग सखू अंगावरचं ओलं लुगडं बदलायची. ती खोकते हे मी ऐकलं आणि विचारलं. "धुरानं होतंय," म्हणाली. मग एका सकाळी तिला हुडहुडी भरली. श्वास घेताना कुशीत कळ यायची.

गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. "न्यूमोनिया," ते म्हणाले. "फुप्फुसाला सूज येऊन ते घट्ट झालंय. हवा आत जात नाही."

"औषध?"

"याच्यावर नेमकं औषध अजून निघालेलं नाही. जवस शिजवून त्याचं गरम पोटीस छातीला बांधू, ताकद टिकवू. ताप आपला आपण उतरायची वाट बघायची."

मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर वाट बघितली. बोलावलं की आत जायचो. शेवटी शेवटी ती तापात बोलायची, "हळू, हळू. दगड हाय पायाखाली." कुणाला हात देत होती कोण जाणे. ताप उतरला नाही.

तिच्या मागून मी मसणवटीपर्यंत माझ्या पायांनी चालत गेलो. लोक म्हणाले, बरं झालं, चालता येतंय. मला वाटलं, तिनं मला चालतं केलं ते काय ह्याच्यासाठी.

पावसाळा संपेपर्यंत कुंडाकडे फिरकलो नाही. मग ती पहिली म्हातारी नातवाच्या पाठीवर बसून दारात आली. "चला वो," म्हणाली. "आमाला हात द्यायला कोन नाय." गेलो. अजून जातो. सकाळचं पाणी अजून म्हाताऱ्यांचंच आहे, त्यासाठी गावाचे उपकार.

तुमच्या घरी कुणाचे सांधे धरले असतील तर त्यांना आणा. गरम पाण्यानं माणूस हलकं होतं, हे मी अनुभवानं सांगतो. उतरायला भिऊ नका, पायऱ्या आता सोप्या आहेत. एवढंच करा: पाण्यातलं माणूस उबेत असतं, त्याची काळजी थोडी कमी केली तरी चालेल. त्याला हात देऊन काठावर ओल्यानं कोण उभं आहे, ते आधी बघा.