पिवळे डाग

दहा-बारा वर्षं झाली, पण ती केस मनातून जात नाही. ही होती तोवर कधीमधी दोघं त्यावर बोलायचो. ही गेली त्याला आता वर्ष होईल. बोलायला कोणी नाही म्हणून लिहितो. शिकलो सातवीपर्यंत. पोलिसात भरती झालो शिपाई म्हणून आणि बाहेर पडलो जमादार म्हणून. पंचनाम्यापलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

अफझलगंजच्या पुढे मुसी नदीच्या कडेला एक वस्ती आहे. एका दुपारी तिथून वर्दी आली, म्हातारी मेली म्हणून. गेलो तर म्हातारीच्या डोक्यात वरवंटा घातलेला. सून उंबऱ्यावर बसलेली, तोंडाला कल्लूचा, म्हणजे ताडीचा वास. मुलगा छाती बडवून रडत होता. सुनेला विचारलं, "काय झालं?"

"मैंच मारी, साब."

झालं. आमच्या एसआय साहेबांनी अटक केली, मी कागद केले. तिच्या दंडावर डाग होते, उजवं मनगट सुजलेलं होतं. ते मी लिहिलं आणि पुढे आपल्या मनानं जोडलं, 'झटापटीच्या खुणा'. बाई तुरुंगात गेली, आम्ही सुटलो.

तीन-चार महिन्यांनी बायकांच्या तुरुंगातली एक वॉर्डर ठाण्यावर आली. जुनी ओळख. म्हणाली, "जमादारसाब, तुमची ती वरवंटेवाली. नवरा मुलाखतीला येऊन गेला की दोन-दोन दिवस डोळा उघडत नाही. पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करते म्हणते. कबूल केला तर जन्मठेप आहे, कळतं का तिला? मला नाही वाटत."

"कल्लूची सवय असेल."

"अर्ध्या बराकीला आहे. आल्या आल्या रात्रंदिवस ओरडतात, भिंतीला डोकं आपटतात. विचारलं तर सगळ्यांचं एकच, मार खाल्ला की दुखू नये म्हणून पीत होते. पण त्या महिन्याभरात निवळतात. ही निवळत का नाही?"

नवरा काय काय आणून देतो, विचारलं. फक्त साडी, म्हणाली. दर खेपेला घरातलीच एक जुनी धुवट साडी, फॉल लावलेली. झडती घेतात, काही सापडत नाही.

काचीगुड्याला घरी जेवताना मी हिला हे सांगितलं. वर म्हणालो, "नवरा बरा दिसतो. आईला मारलं तरी बायकोला साड्या नेऊन देतो."

हिनं भाकरी तव्यावर टाकली. "धुवट साडीला फॉल?"

"हो. का?"

"अहो, घरात नेसून विटलेल्या साडीला फॉल कोण लावतं? तीस वर्षं माझ्या साड्या बघताय, एकीला तरी दिसला का?"

पुढच्या मुलाखतीला वॉर्डरनं साडी बाजूला घेतली आणि फॉल उसवला. आत झोपेच्या गोळ्या, ओळीनं शिवलेल्या. धावदोरा पुरुषी हाताचा, बोट-बोट लांब.

गोळ्या बंद झाल्या. बाई पंधरा दिवस तुरुंगाच्या दवाखान्यात तडफडली. मग कोर्टाची परवानगी काढून, महिला शिपाई बरोबर घेऊन मी आणि साहेब तिला भेटलो. हातपाय थरथरत होते, पण नजर आमच्यावर होती.

"त्या दिवशी काय झालं?"

"मेरेकू याद नै, साब. नवऱ्यानं सकाळपासूनच कल्लू पाजला होता. वो बोला मैंच मारी, तो मारीच हूंगी."

घरी येऊन मी जुना पंचनामा हिला वाचून दाखवला. कागद घरी आणू नये, मी आणला. 'दंडावर पिवळट डाग, उजवे मनगट सुजलेले, झटापटीच्या खुणा.'

"पिवळट?" ही म्हणाली. "मग ते त्या दिवशीचे नव्हेत. मार लागला की आधी लाल, मग काळंनिळं. पिवळं पडायला आठवडा जातो. मनगटही तेव्हाचंच असणार. त्या हातानं वरवंटा उचलला तिनं?"

"तुला काय माहीत एवढं?"

हिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग खाली मान घालून भाकरी उलटली.

मनगटाचा एक्स-रे काढला. हाड मोडून वाकडंच जुळलेलं होतं. नवऱ्याला ठाण्यात बसवलं. साहेबांनी टेबलावर आधी गोळ्या ठेवल्या, मग एक्स-रे, मग माझा पंचनामा. तासभर तो कसमा खात होता. मग म्हणाला, "अम्मा बीच में आ गई, साब." तो बायकोवर वरवंटा घेऊन धावला होता, म्हातारी मध्ये पडली. सुनेला वाचवणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याच्याच खुनात आम्ही सुनेला आत टाकलं होतं.

बाई सुटली. एकदा घरी आली होती. हिनं चहा केला, दोघी ओट्यावर बराच वेळ बसल्या. काय बोलल्या, मी विचारलं नाही.

या केसनं मला एक शिकवलं. अंगावरची खूण लिहिताना कारण आपल्या मनानं जोडू नये. आपण आपल्या सोयीचंच जोडतो. मी नवऱ्याकडे बघितलंच नाही, कारण तसं बघायची मला सवय नव्हती.

आमच्या लग्नाच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ड्युटीवरून चिडून आलो की माझा हात सुटायचा. पुढे थांबलो. थांबलो म्हणजे मिटलं, असं धरून चाललो. डाग पिवळे कधी पडतात, हे ही घरातच शिकली होती. त्या दिवशी तव्यापाशी माफी मागता आली असती. मी पाणी प्यालो आणि उठलो. त्यानंतरही किती वर्षं मिळाली, एकदाही तोंड उघडलं नाही.

हिच्या धुवट साड्या कपाटात आहेत. एकीलाही फॉल नाही.

जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतले. हा माझा. कोणाच्या दबावाखाली नाही, पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे. जिला वाचून दाखवायचा, ती नाही.