पिंपळाभोवती बस

तिरुवल्लिकेणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार रस्ते मिळत, आणि त्यांच्या बरोबर मध्ये पिंपळ होता. बुंध्याशी नागाचे दगड, भोवती रुंद पार. मी पाचवीत असताना तिथे बसगाड्या वाढल्या, एका सायकलवाल्याचा पाय मोडला आणि चौक नव्यानं बांधायचं ठरलं.

देवळाच्या मंडपात सभा भरली. नगरपालिकेचा इंजिनिअर नकाशा घेऊन आला होता. दुकानदारांना गिऱ्हाइकाची काळजी, मॅन्शनमधल्या, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीतल्या, बिऱ्हाडकरूंना ऑफिसला वेळेवर पोचायची घाई, म्हाताऱ्यांना पिंपळाची. शेवटी माझे वडील, अप्पा, उठले आणि म्हणाले, "झाड राहू द्या, बस त्याला वळसा घालून जाईल." झालं! टाळ्या पडल्या. बायका मागे खांबांपाशी बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "झाड राहिलं हो. पण त्याच्याभोवती चालायचं कुठं?"

अप्पा हसले. "अगं, एवढा मोठा रस्ता होतोय, जागेला काय तोटा?"

आईनं विचारलं त्याला कारण होतं. आदल्या वर्षी अप्पा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. ते उठले ते पिंपळाच्या कृपेनं, अशी तिची खात्री. सोमवारी अमावास्या आली की ती सोवळ्यानं पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घाली आणि दर फेरीला वाटीतली एक भुईमुगाची शेंग नागापुढे ठेवी. अप्पांच्या आयुष्यासाठी.

चौक तयार झाला आणि मी पाहतच राहिले. पार गेला होता. बुंध्याला चिकटून दगडी कडं, त्यावर लोखंडी कठडा, आणि कठड्याला लागून थेट डांबर. गाड्या पिंपळ उजव्या हाताला ठेवून वळायच्या. प्रदक्षिणाही तशीच असते. म्हणजे आई ज्या दिशेनं चालणार त्याच दिशेनं बस येणार, आणि तीही तिच्या पाठीमागून!

आम्हाला शाळेत शिकवलं होतं, समोरून गाडी दिसेल अशा बाजूनं चालावं. मी शहाणपणा केला. "आई, तू उलटी फीर ना. मग बस दिसेल तुला."

आईचा चेहरा उतरला. "अय्यो, तोंड धू आधी! उलटं फिरतात ते चितेभोवती. तुझे अप्पा जिवंत आहेत ना?"



गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी लांबच्या देवळातला पिंपळ धरला. पण आईचं व्रत ह्याच झाडाखाली सुरू झालेलं, ती कसली ऐकते! अमावास्येचा सोमवार उजाडला. ओलेत्यानं, हातात वाटी घेऊन ती निघाली. तिला शिवायचं नव्हतं, म्हणून मी चार हात मागे. पहिली बस आली. भोंगा वाजला, आई कठड्याला चिकटली, बस गेली, ती पुन्हा चालू लागली. ओठ हलत होते. एकेक फेरी झाली की कठड्यातून हात घालून ती नागापुढे शेंग ठेवत होती. भीती तिलाही वाटत होती, पण मेलं मागं वळून बघायचं नाही, प्रदक्षिणा मोडते म्हणे!

मी ओरडत होते, "आली गं! कडेला हो!" ओरडून घसा बसला, तेव्हा रडायला लागले. तेवढ्यात ऑफिसला निघालेले अप्पा चौकात पोचले. हातात डबा. त्यांनी मला फुटपाथवर उभं केलं आणि स्वतः आईच्या मागे गेले. तिच्याकडे पाठ, बसकडे तोंड. असे उलट्या पावलांनी ते तिच्यामागून फिरू लागले आणि हात वर करून गाड्या थोपवू लागले. सभेत छाती काढून बोललेला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आईला वाटत होतं मीच आहे मागे. मग एक बस फार आतून वळली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. अप्पांच्या हातातला डबा खणकन पडला आणि आईनं मागं वळून पाहिलं. बसच्या नाकासमोर अप्पा उभे होते.

"अहो!" एवढंच ती ओरडली. धावत गेली आणि सोवळ्यात, भर चौकात, तिनं अप्पांचा हात धरला. "घरी चला."

"अजून फेऱ्या राहिल्यात ना?"

"राहू देत. ज्यांच्यासाठी फिरते, तेच बसपुढे उभे! चला म्हणते ना!"

ती पुन्हा त्या पिंपळाकडे गेली नाही. वाटी तशीच देवघराच्या कोनाड्यात राहिली, उरलेल्या शेंगांसकट. कुणी खायच्या नाहीत, कुणी टाकायच्या नाहीत.

त्यानंतर संध्याकाळी अप्पांना जरा उशीर झाला की आई दारात येऊन उभी राही. एकदा मी तिच्या कमरेला मिठी मारून विचारलं, "बसची भीती वाटते का गं?"

"बसची नाही," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्या उरलेल्या शेंगांची."