सातवा फेर

एका मंगळवारी दुपारी माझ्या धाकट्या भावाचा घरात खून झाला. त्याच्या मुठीत शर्टाचं एक बटण सापडलं, कापडाच्या तुकड्यासकट.

पोलिसांनी ते बोरीवलीतल्या आमच्याच गल्लीतल्या शिंप्याला दाखवलं. हा मालवणकडचा माणूस माप घेताना कधी गप्प बसत नसे. “पुस्तकां वाचून अंग धरत नाय हां! छाती गेल्या वर्षाइतकीच,” असं मला दरवेळी ऐकवी. बटणं मात्र मान खाली घालून, न बोलता लावी. बुडाशी दोऱ्याचे सहा फेर सरळ आणि सातवा उलटा. कापड फाटेल, पण बटण सुटणार नाही, याचा त्याला अभिमान होता.

कोर्टात वकिलानं विचारलं, “असं बटण कुणीही लावेल ना?”

“लावतीत. पण सातवो फेरो उलटो मीच घेतंय.” मग त्यानं आरोपीकडे पाहिलं. तोही त्याचं जुनं गिऱ्हाईक. “शर्ट ह्याचोच. मीच शिवलेलो.”

काही वर्षांनी त्या माणसाला फाशी दिली. त्या दिवशी शिंपी मशीनवर हात ठेवून बसला होता. मला पाहून म्हणाला, “भाऊ, तुमका बरा वाटला?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“माका पण नाय,” तो म्हणाला.

तेव्हापासून तो शर्ट शिवतो आणि बटणं पुडीत बांधून देतो. गिऱ्हाईकं चिडतात, “मामा, हे काय?” तो म्हणतो, “घरी लावा.”

माझे शर्ट अजून तोच शिवतो. माप घेताना बोलत नाही. बटणं मी घरी लावतो. ती सैल राहतात.