साडेचौतीस तासांचा सोमवार

विमानाची तिकिटे काढणाऱ्या ऑफिसात तिकिटांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. भूगोलात एम.ए. झाल्यावर २००२ ते २००४ मी शाहूपुरीतल्या अशाच एका ऑफिसात होतो. पुढचे पहिले तीन प्रसंग माझ्या टेबलासमोर घडले. चौथ्याची फक्त सुरुवात मी पाहिली. शेवट मालक बाळूअण्णांनी सांगितला आणि त्यांना तो खुद्द तो प्रवास केलेल्या गौराक्कांनी.

*

चंदगडचे एक गृहस्थ मुलाचे शिकागोचे तिकीट काढायला आले. पहिला प्रश्न एस.टी.च्या सवयीचा. "व्हाया कुठनं?"

"व्हाया फ्रँकफर्ट."

त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोटाने रेघ ओढली. "सरळ वाट हाय की! वर कशाला चढवताय? एस.टी.वानी वळसा घालून आजऱ्याची शिटं भरायची हायत व्हय?"

मी पृथ्वीगोलावर दोरा ताणला. अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर, आणि सर्वांत जवळची वाट उत्तरेकडूनच जाते. त्यांनी दोरा स्वतः दोनदा ताणून पाहिला.

"मग ह्यो दोरा आमच्या डेपोत द्या की!"

*

अण्णा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजत. कुरुंदवाडच्या व्यापाऱ्याला त्यांनी शिकागो चाळीस तासांवर सांगितले.

"शेजारचा एजंट बावीस म्हणतोय! तुमचं इमान सावकाश जातंय व्हय?"

"इमान न्हाय ओ, कुरुंदवाड लांब हाय!"

*

मुंबईहून रात्री दोनला सुटलेले विमान सकाळी सातला फ्रँकफर्टला, हे वाचून दूधसंस्थेचे एक संचालक भडकले. "पाच तासांत जर्मनी? मला मुंबईला धा तास लागत्यात!"

प्रवास साडेआठ तासांचाच असतो, तिथले घड्याळ आपल्या मागे असते, असे मी समजावले.

"मग दुरुस्त करून घ्या म्हणावं!"

*

आजऱ्याच्या गौराक्कांपुढे मात्र हे गणित हसण्यावारी नेता आले नाही. त्यांची मुलगी शिकागोत बाळंत होणार होती. ती सुखरूप सुटावी म्हणून आक्कांनी श्रावणी सोमवार धरले होते. सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. त्यांना मधुमेह होता, आणि संध्याकाळच्या पुढे उपाशी राहायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. तिकीट मिळाले नेमके सोमवारचे.

मी कागदावर मांडले. पश्चिमेला जाताना दिवस साडेदहा तासांनी वाढतो. सोमवार साडेचौतीस तासांचा! शिकागोत सूर्य मावळेल तेव्हा आजऱ्यात मंगळवार उजाडलेला असेल.

"आक्का, आजऱ्याच्या घड्याळानं उपास सोडा," अण्णा म्हणाले.

"सूर्व्या डोळ्याम्होरं आसताना खाऊ? देवाला काय सांगू?"

"मग ह्यो एक सोमवार ऱ्हाऊ द्या."

"पोरगी तुमची हाय व्हय?"

उठताना आक्का म्हणाल्या, "मला खिडकीची जागा द्या. कवा मावळतोय ते माझं मला दिसू दे." ती जागा मी मिळवून दिली.

तीन महिन्यांनी त्या बर्फी घेऊन आल्या. नात झाली होती, मुलगी सुखरूप होती. मी त्या दिवशी रजेवर होतो. अण्णांनी सोमवारचे विचारले.

"फ्रँकफर्ट सोडलं, लोकांची जेवणं झाली, आनि आंधार पडला की! हात जोडलं आनि दशमी काढली."

त्या टप्प्यावर बाहेर भर दुपार असते. जेवणानंतर प्रवाशांना झोपता यावे म्हणून खिडक्यांची झाकणे खाली ओढतात, इतके मी चौकशी करून पडताळले. गौराक्कांच्या खिडकीचे झाकण कोणी ओढले, याची खातरजमा मात्र मला कधीच करता आली नाही.