पुलाअलीकडचा निर्णय

या वैमानिकाला विमानतळावर सगळे ‘माघारे’ म्हणायचे, तेही तोंडावर. बावीस वर्षं विमान चालवून काय मिळवलं, तर ही पदवी! कारण एकच. डोंगरातल्या त्या विमानतळावर उतरताना जरा कुठे खोट दिसली, की स्वारी विमान वळवून परत. मग प्रवासी शिव्या घालणार, साहेब दात-ओठ खाणार आणि घरी बायको म्हणणार, “आजही? लोकांना काय तोंड दाखवू मी?”

तिथली जागाच दगाबाज. दरीत शिरलं की नदीवरचा पूल लागतो. त्यापुढे डोंगर असे अंगावर येतात की विमान वळवायला जागाच उरत नाही. त्यात धुरकट हवेत नदीचं कोरडं, पांढरं पात्र हुबेहूब धावपट्टीसारखं दिसतं. भलेभले फसतात. म्हणून याचा हेका असा, की पट्टीवर रंगवलेले आकडे वाचता आले तरच ती पट्टी, नाहीतर पुलाअलीकडूनच मागे.

त्या आठवड्यात दोनदा माघार झाली. तिसऱ्या खेपेला मुख्य वैमानिक स्वतः मागच्या खुर्चीत येऊन बसला.

“आज परत फिरलास, तर हा मार्ग काढून घेईन.”

या मार्गावरच माघारेचा जीव होता.

पूल जवळ आला.

“ती काय पट्टी! घे खाली,” मुख्य खेकसला.

“आकडे वाचून दाखवा.”

“मला शिकवतोस?”

शेजारची सहवैमानिक बाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. माघारेनं विमान उचललं. वळताना धुरकं विरलं आणि खाली गोटे दिसले, गोटे आणि वाळू. मुख्यानंही ते पाहिलं. तरी म्हणाला, “उद्यापासून मी नेतो.” असल्या निर्लज्जापुढे काय बोलायचं!

दुसऱ्या दिवशी मुख्य त्याच बाईला घेऊन गेला. वैमानिकांच्या खोलीत माघारे धुमसत बसला. आपटू दे एकदाचा, असंही त्याच्या मनात आलं. मग विमानातली बाकीची माणसं आठवली आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

तासाभरात विमान परत आलं, प्रवाशांसकट. मुख्य कुणाकडे न बघता तरातरा निघून गेला. मागून बाई आली.

“त्यांनी परत नदीलाच पट्टी म्हटलं, सर. मी आकडे विचारले, तर माझ्यावरच ओरडले. मग मीच विमान उचललं. मलाही काढलं मार्गावरून.”

“काल का गप्प बसलीस?” माघारेनं फटकारलं.

“नोकरी जाईल वाटलं. पोरं डोळ्यांसमोर आली.”

“आणि आज?”

“आजही पोरंच आली, सर.”

बाकावर सरकून माघारेनं तिला जागा करून दिली.