पंगतीतला मासा

२००६च्या मे महिन्यात आई माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तो कुणामुळे हे मी विसरलेलो नाही. म्हणून विमानतळावरच शब्द दिला, "आई, इथला ताजा मासा तुला खायला घालतो." आई कोकणातली. दुकानातला बर्फातला मासा तिने एकदाच पाहिला. म्हणाली, "हा माझ्याही आधी घरून निघालेला दिसतोय." तेव्हापासून ती वरणभातावर होती आणि चेहरा उतरत चालला होता.

कोकणातला असूनही मला गळ धरता येत नव्हता. आईने कधी अभ्यासावरून उठूच दिलं नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने शिकवलं. या दिवसांत ब्लूगिल नावाचे मासे काठाजवळच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. पाण्यावरची चकाकी अडवणारा पोलराइज्ड गॉगल लाव, ऊन पाठीवर घे आणि तळाशी ताटाएवढे गोल, स्वच्छ खळगे शोध. मी मासे पकडायचं लायसन्स काढलं, गॉगल घेतला आणि शनिवारी आईला आणि बायकोला घेऊन तळ्यावर गेलो.

गुडघाभर पाण्यात ओणवा होऊन मी इतका वेळ फिरलो की फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, किल्ल्या पडल्या का? आणि मग दिसले! पंगतीत पानं मांडावीत तसे शेजारी शेजारी खळगे, आणि प्रत्येक पानावर एकेक मासा.

आईने हिंग-हळद घालून कणीक मळून आणली होती. मी तिची गोळी लावून गळ टाकला. गोळी सुटून खळग्यात पडली. माशाने ती तोंडात धरली, कडेला नेली आणि बाहेर थुंकली. दुसरी टाकली, तीही थुंकली.

"हिंग जास्त झाला का रे?"

"नाही गं, तो केर काढतोय. खाली अंडी आहेत."

"म्हणजे ही आई."

"नाही, बाप. मादी अंडी घालून निघून जाते. पिल्लं होईपर्यंत हाच राखतो, शेपटीने वारा घालतो."

आईने माझा गॉगल ओढून आपल्या चष्म्यावर चढवला. "अगं, लवकर ये! बघ हा कसा राबतोय!"

बायको पोट सावरत आली. "किती क्यूट! आई, हा डायपरसुद्धा चेंज करेल."

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"गळ काढ," आई म्हणाली.

"आणि तुझा मासा?"

"बाळंतघरातला बाप उचलून तळू होय?"

घरी आल्यावर आईने डिंकाच्या लाडवांच्या डब्यातून, लाडवांच्या खालून, सुकटीची पुडी काढली.

"हे होतं तर इतके दिवस वरणभात का खाल्लास?"

"तू शब्द दिला होतास ना. तो मोडेपर्यंत थांबले."

सुकट तव्यावर पडताच स्मोक अलार्म बोंबलू लागला. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत राहिलो. आई पहिल्यांदाच पोटभर जेवत होती. घास थांबवून तिने वर पाहिलं.

"शेपटी जरा जोरात हलव."